'पासिएन्सिआ' प्लीमथला नेताना

३ मे १७९९. फिनिस्टेर भूशिराबाहेर.

आज मला जहाज मिळालं. अडतिसाव्या वर्षी, लेफ्टनंटच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्यावर, आणि तेही दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून. पण मिळालं.

झालं असं, की सकाळी धुकं विरलं आणि आमच्या 'सँडपायपर' या इंग्रज लढाऊ जहाजासमोर पाव मैलावर एक स्पॅनिश जहाज उभं. दोन डोलकाठ्या, पोट सुटलेलं, शिडं वाळत घातलेल्या चादरींसारखी लोंबकळलेली. त्यांनी एक तोफ हवेत उडवली. आम्ही एक त्यांच्या नाकासमोरून उडवली. त्यांनी निशाण उतरवलं. बस. कुणाच्या डोक्यावरची टोपीसुद्धा पडली नाही.

कॅप्टनसाहेब म्हणाले, "ट्रेविन, सात माणसं घ्या. लिस्बन नाहीतर प्लीमथ, जिथे वारा नेईल तिथे न्या. आणि कृपा करून बुडवू नका."

जहाजाचं नाव 'पासिएन्सिआ', म्हणजे धीर. पोटात कोकोची पोती आणि कातडी. आमच्या जहाजावर आधीच कैद्यांची दाटी, त्यामुळे हिचे अकरा खलाशी, कप्तान आणि कप्तानाची बहीण माझ्याच गळ्यात. म्हणजे आम्ही आठ, ते तेरा. पेंगेलीने हा हिशेब मला तीनदा ऐकवला. पेंगेली माझा सर्वांत जुना माणूस. मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा मला गाठी मारायला त्यानेच शिकवलं, आणि अजूनही मी मारलेली गाठ तो जाता जाता सोडून पुन्हा बांधतो.

४ मे

कप्तानाचं नाव डॉन फेर्मिन आरिस्मेंदी. बास्क माणूस, दाराएवढा रुंद. इंग्रजीचा एक शब्द येत नाही आणि शिकायची इच्छाही दिसत नाही. माझ्याकडे बघतो ते मी त्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं.

बहीण दोन्या (म्हणजे बाईसाहेब) उर्सुला मात्र उत्तम इंग्रजी बोलते. वडिलांची बिल्बाओला खारवलेल्या माशांची वखार होती, तिथे ब्रिस्टलचे खलाशी यायचे, त्यांच्याकडून शिकली. त्यामुळे अतिशय सभ्य चेहऱ्याने अधूनमधून असा एखादा शब्द वापरते की सुकाणूवरचा आमचा ब्रिंबल कानापर्यंत लाल होतो. जहाज वडिलांचं, आता निम्मं हिचं, निम्मं भावाचं. वय पस्तिशीचं असेल. नखशिखान्त काळे कपडे. विधवा आहे बिचारी.

सकाळी तिने स्वतः चॉकलेट करून पाठवलं. घट्ट, दालचिनी घातलेलं. पेंगेली म्हणाला, "विष असेल." मी प्यायलो. मग तोही प्यायला आणि म्हणाला, "खात्री करायला अजून एक कप लागेल."

६ मे

ईशान्येचा वारा. लिस्बनला जायला यापेक्षा चांगला वारा देवाकडे मागूनही मिळाला नसता: तीन दिवसांचं काम. प्लीमथ म्हणजे वाऱ्याच्या तोंडात, इकडून तिकडे वळसे घेत, दहा-बारा दिवस. मी लिस्बन ठरवलं होतं.

दुपारी दोन्या उर्सुला माझ्या शेजारी कठड्याशी येऊन उभी राहिली.

"मिस्टर ट्रेविन, तुमचं घर कुठे?"

"फोवी. प्लीमथपासून एका दिवसाच्या अंतरावर."

"आई आहे?"

"आहे. आणि माझ्या नावाने रोज बोटं मोडत असेल. तीन वर्षं गेलो नाही."

"मग प्लीमथच बरं, नाही का?" ती म्हणाली. मग प्लीमथविषयी बरंच विचारलं. बंदर किती मोठं, कैद्यांना कुठे ठेवतात, बायकांना तिथे भेटायला जाऊ देतात का, खाणं बरं मिळतं का. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, बायकांना कुणी कैदेत घालत नाही, मी स्वतः तुमची सोय बघेन. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी शिडाकडे बघायला लागलो.

संध्याकाळी जहाजाचं तोंड उत्तरेकडे वळवलं. माणसं कुरकुरली. पेंगेली म्हणाला, "साहेब, वारा लिस्बनचा आहे."

मी म्हटलं, "लिस्बनला कोकोला भाव नाही."

"असं कोण म्हणालं?"

मी होकायंत्र बघायला गेलो. दोन्या उर्सुला म्हणाली होती.

८ मे

ती धार्मिक आहे, पण जरा जास्तच. डेकवर मागच्या बाजूला बसून एक घडी पडून फाटायला आलेला कागद वाचते, बहुधा प्रार्थना असावी, आणि ओठ हलवते. मार्तीन, मार्तीन. संत मार्टिनवर यांची एवढी श्रद्धा असेल असं वाटलं नव्हतं. मी प्रॉटेस्टंट चॅपलमध्ये वाढलेला माणूस, संतबिंत मानत नाही. पण तिच्या तोंडून ते नाव ऐकायला बरं वाटतं. मी सहज म्हटलं, "तुमचा मार्तीन तुमचं रक्षण करो." ती दचकली. मग डोळे भरून आले, आणि म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात."

आईला पत्र लिहायला घेतलंय. 'स्पॅनिश लोक आपल्याला वाटतात तसे नसतात' इथपर्यंत आलंय.

९ मे

जहाज गळतंय. काल पाण्याचा जोर वाढला, आज पोटात अडीच फूट. आम्ही आठ जण पाळीपाळीने पंप मारून मेटाकुटीला आलो. पाणी उतरायच्या ऐवजी दोन इंच चढलं. वर शिडं सांभाळायला माणूस नाही.

तेरा शत्रूंना मोकळं सोडायचं की सगळ्यांनी मिळून बुडायचं? खरं लिहायचं तर मी तासभर ठरवू शकलो नाही. नकाशा उघडून बसलो, जणू त्यावर उत्तर लिहिलेलं होतं. शेवटी बहीण-भावाला बोलावलं. तिने भावाला विचारलं, त्याने दोन वाक्यांत उत्तर दिलं.

"फेर्मिन म्हणतो, पंप मारू. पंपावर असेपर्यंत कुणी तुमच्यावर हात उगारणार नाही. त्यापुढचा शब्द तो देत नाही."

"प्रामाणिक माणूस आहे," मी म्हणालो.

"गाढव आहे," ती म्हणाली, "पण प्रामाणिक आहे."

त्यांचे अकरा खलाशी पंपावर आले. स्वतः फेर्मिन खाली उतरला, एका फळीला कान लावला, हाताने माझा कंदील हवा तिकडे सरकवला, आणि नेमकी भेग दाखवली. ताडपत्रीचा तुकडा, डांबर, वर शिशाचा पत्रा. दोन तासांत पाणी उतरायला लागलं. त्या माणसाला हे जहाज पाठ आहे. बाहेर येताना त्याने त्या फळीवर थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं. मला उगाच लाजल्यासारखं झालं.

पेंगेलीने त्यांना पुन्हा खाली कोंडायचं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "तुम्ही साहेब." तो असं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ अगदी उलटा असतो.

११ मे

विशेष काही नाही. वारा थोडा पश्चिमेला सरकला. ब्रिंबल आणि त्यांचा आचारी एकमेकांची भाषा न समजता सकाळपासून वांग्यावरून की कांद्यावरून भांडतायत आणि दोघेही अतिशय खूश आहेत.

१३ मे. उशांत बेटाच्या पश्चिमेला.

आजच लिहून ठेवायला हवं.

सकाळी नऊला पूर्वेकडे शीड दिसलं. बुटकं, लांबट, आमच्या दुप्पट वेगाने येणारं. फ्रेंच सरकारचा परवाना घेऊन आमची जहाजं धरत फिरणारे असतात, त्यातलं. पळण्यात अर्थ नव्हता. लढण्यात तर मुळीच नव्हता: आमच्या चार तोफांपैकी एकीखाली कोंबडी अंड्यावर बसलेली.

फ्रेंच आणि स्पॅनिश दोस्त. मला वाटलं, आता ही मंडळी नाचतील. पण दोन्या उर्सुला भावाशी भराभर बोलली आणि माझ्याकडे आली.

"हे जहाज तुमच्या ताब्यात किती दिवस आहे?"

"दहा."

"त्यांचा कायदा असा, की शत्रूच्या ताब्यात चोवीस तास राहिलेलं जहाज जो सोडवेल, त्याचं. आमच्या दोस्तांनी आम्हाला सोडवलं तर जहाज त्यांच्या घशात जाईल. तुम्ही तुरुंगात, आम्ही रस्त्यावर."

"मग?"

"त्यांना कळताच कामा नये की तुम्ही इथे आहात. आमचं निशाण द्या, आमचे कागद द्या, आणि तुम्ही आठ जण पोत्यांमागे जाऊन बसा. वरून झडप आम्ही लावू."

पेंगेली म्हणाला, "आणि नंतर उघडणार कोण?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "शब्द देता?"

"मी देते. फेर्मिन देणार नाही."

विचार करायला वेळ नव्हता हे सांगायला सोपं आहे. वेळ होता, चांगली दहा मिनिटं. मी खिशातून कागद काढले आणि तिच्या हातात ठेवले. पहिलंवहिलं जहाज, आणि मी ते माझ्या हाताने शत्रूला देऊन पोत्यांमागे जाऊन बसलो. पेंगेली झडपेतून उतरताना म्हणाला, "तुमच्या आईला मी काय सांगू?"

खाली काळोख आणि कोकोचा वास. वर झडप बसली, तिच्यावर कातडी ओढल्याचा आवाज आला. मग होडी घासली, बूट वाजले, फ्रेंच बोलणं ऐकू आलं. कुणीतरी अगदी आमच्या डोक्यावर उभं राहिलं. ब्रिंबलला भीती वाटली की हसू येतं, लहानपणापासून. त्याच्या पोटातून बारीक आवाज निघायला लागला तशी दोघे त्याच्यावर चढून बसले आणि पेंगेलीने स्वतःची टोपी त्याच्या तोंडात कोंबली. वर दोन्या उर्सुला मोठ्याने हसत होती, कपबशा वाजत होत्या. फ्रेंच अधिकारी चॉकलेट पीत होता.

अर्ध्या तासाने होडी गेली.

झडप उघडली नाही.

तास गेला. दोन गेले. मग पेंगेलीने फळीला हात लावला आणि हळूच म्हणाला, "साहेब, जहाज वळलं."

मलाही जाणवलं होतं. सकाळपासून पाणी डाव्या कुशीवर आपटत होतं. आता मागून ढकलत होतं. दक्षिणेला. स्पेनला. मी शब्दावर विश्वास ठेवला होता आणि माझ्या सात माणसांना परक्या देशाच्या तुरुंगात नेऊन सोडलं होतं. मी म्हणालो, "चूक माझी." पेंगेली म्हणाला, "ते नंतर बघू. तेवढं पोतं सरकवा, माझ्या गुडघ्यावर आलंय."

तेवढ्यात वर भांडण सुरू झालं. तो आणि ती, अगदी झडपेजवळ. त्यांच्या बास्क भाषेतलं एक अक्षर मला कळत नाही. तो ओरडत होता, ती आधी हळू बोलत होती, मग तीही ओरडायला लागली. दोनच शब्द ओळखीचे: प्लीमथ आणि मार्तीन. मार्तीन, मार्तीन, पुन्हा पुन्हा. अशा वेळीही तिने संताला साक्षीला बोलावलं होतं! मग तो काहीतरी म्हणाला, जड आवाजात, आणि ती रडायला लागली. मग पावलं सुकाणूकडे गेली.

मग पाणी पुन्हा डाव्या कुशीवर आपटायला लागलं.

पेंगेलीने डोळे मिटले. झडप उघडली. इतका उजेड की काही दिसेना. त्या उजेडातून तिचा आवाज आला: "या वर, मिस्टर ट्रेविन. उशीर झाला, माफ करा. घरचं भांडण होतं."

तिचे डोळे सुजलेले. फेर्मिन पाठ करून उभा होता. तिने जहाजाचे कागद माझ्या हातात परत ठेवले, जसेच्या तसे, घडीसुद्धा तीच.

१४ मे

रात्रभर विचार केला. जहाज त्यांच्या हातात होतं, आम्ही खाली कोंडलेले, घर दोन दिवसांवर. आणि तिने ते परत केलं. निम्मं जहाज तिचं, बापाच्या आठवणीचं. माणूस असं कशासाठी करतो?

पेंगेलीला म्हटलं, "मला वाटतं, मी ओळखलंय."

तो म्हणाला, "तिला एकदा विचारा तरी, साहेब."

"अशा गोष्टी विचारायच्या नसतात."

"तुम्ही साहेब," पेंगेली म्हणाला.

आईचं पत्र पुढे लिहिलं. 'वयाने मोठी आहे असंही नाही' हे वाक्य खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

१८ मे. प्लीमथ.

पोचलो! पाऊस, धूर, घाण आणि समुद्रपक्ष्यांचा कलकलाट. सगळं माझ्या आवडीचं. नांगर पडला तेव्हा आमचे सात आणि त्यांचे अकरा एकदमच ओरडले.

उद्या दोन्या उर्सुलाबरोबर किनाऱ्यावर जायचंय. तिने कैद्यांच्या कचेरीत नेण्याची विनंती केली, बहुधा भावाच्या सोयीसाठी. पेंगेलीकडून दाढी करून घेतली. त्याने दोनदा कापलं.

१९ मे

कचेरीत कारकुनाने वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "कोणासाठी?"

"मार्तीन एचेबेस्ते," ती म्हणाली. "वाटाड्या. 'सान इग्नासिओ' जहाजावरचा. दोन वर्षं झाली."

"नातं?"

"नवरा."

मी तिथेच उभा होतो, हातात तिची छत्री.

कारकुनाने बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा फिरवलं. त्या वेळात तिने माझ्या बाहीला धरलं, घट्ट, आणि मला उमगलं की तिला आपण कुणाला धरलंय हेही कळत नाही. "आहे," तो म्हणाला. "जिवंत. गेल्या हिवाळ्यात ताप होता. आता बरा." ती मटकन बाकावर बसली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं ना? तुम्हीच म्हणालात, मार्तीन रक्षण करो."

मी म्हणालो, "हो. साधारण."

काळे कपडे वडिलांसाठी आहेत. ते मार्चमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या ला ग्वायरा बंदरात वारले. विधवा आहे असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं. परत येताना पेंगेलीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्यापुढे रमचा पेला सरकवला. त्याला केव्हापासून माहीत होतं ते मी विचारलं नाही.

आईचं पत्र फाडलं.

२० मे

तिला जाऊ देतील, तिच्या भावालाही महिन्याभरात. मार्तीनला नाही. अदलाबदलीच्या यादीत त्याच्या आधी चारशे नावं आहेत. कदाचित युद्ध संपेपर्यंत.

आज मला अहवाल लिहायचा आहे. पेंगेलीने माणसांशी बोलून ठेवलंय. "असं लिहा साहेब, की फ्रेंचांना फसवायला आपण लपलो, आणि ते गेल्यावर झडप फोडून जहाज परत घेतलं. सातही जण शपथ घेऊ. तुम्ही लेफ्टनंट व्हाल."

होईनही. अशाने लोक झाले आहेत. पण झडप आम्ही फोडली असं लिहिलं तर ती कुणी उघडली नव्हती असं होतं. मग आठ इंग्रजांना तुरुंगातून वाचवणारं कुणी उरत नाही, आणि त्या बदल्यात मागायलाही काही उरत नाही.

दुपारपर्यंत लेखणी चावली. मग घडलं तसं लिहिलं. मी कागद माझ्या हाताने दिले हेही. शेवटी विनंती: या लोकांनी आमचे आठ परत दिले, त्यांचे तेरा आणि वाटाड्या एचेबेस्ते सोडावेत.

पेंगेलीला वाचून दाखवलं. "परीक्षा आता विसरा," तो म्हणाला. मग, "अक्षर मात्र छान काढलंय."

२४ मे

बंदराच्या अ‍ॅडमिरलसाहेबांनी बोलावलं. अहवाल समोर होता.

"तुम्ही तुमचं जहाज कैद्यांच्या हवाली केलंत?"

"होय, साहेब."

"आणि त्यांनी परत दिलं."

"होय."

"का?"

"बाईंचा नवरा इथे कैदेत आहे, साहेब. त्यांना प्लीमथला यायचंच होतं."

"म्हणजे तुमच्या पराक्रमामुळे नाही?"

"नाही साहेब. मलाही ते जरा उशिरा कळलं."

त्यांनी चष्मा काढला आणि इतके हसले की बाहेरचा शिपाई दार उघडून डोकावला. मग डोळे पुसून म्हणाले, "लेफ्टनंट तुम्ही काही होत नाही, ट्रेविन. हे वाचून कोण करेल? पण कैद्यांच्या अदलाबदलीचं एक जहाज बंदरात महिनाभर पडून आहे. तोफा नाहीत, कुणाला धरायचं नाही, म्हणून कुणी अधिकारी जायला तयार नाही. शत्रू ज्याला जहाज परत करतो असा माणूस माझ्याकडे दुसरा नाही. घेता?"

मी किती वेगाने 'हो' म्हणालो ते लिहायला नको.

"आणि तुमचा तो वाटाड्या न्या," ते म्हणाले. "त्यांचं बंदर तुम्हाला कोण दाखवणार?"

१९ जून. सान सेबास्तियान.

जहाजाचं नाव 'कॉन्कॉर्ड'. जुनं, कुबट, आणि शिडं सगळी उसवलेली. एकशे दहा स्पॅनिश कैदी घेऊन निघालो. सात दिवस लागले. 'पासिएन्सिआ' ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याला विकली गेली. निघताना फेर्मिन तिच्याजवळून होडी नेऊन आला; कुणी सोबत गेलं नाही, त्याने नेलंही नाही. पण कालपासून तो माझ्याशी बोलतो. म्हणजे, माझी शिडं चुकीची बांधलीत हे खुणांनी सांगतो. पेंगेलीला तो फार आवडायला लागलाय.

आज सकाळी खाडीच्या तोंडाशी मी सुकाणू मार्तीनच्या हातात दिलं. उंच, वाळलेला, कानांजवळ पिकलेला माणूस. दोन वर्षांत पहिल्यांदा जहाज हातात येत होतं. आधी त्याचे हात थरथरत होते. मग पाण्याची ओढ लागली तसे थांबले. खडकांच्या मधून त्याने आम्हाला अशा सफाईने आत नेलं की मी फक्त शेजारी उभा राहिलो. उर्सुला त्याच्या पलीकडे उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. खडकांकडेही बघत नव्हती. त्याच्या हातांकडे बघत होती.

धक्क्यावर अर्धं गाव जमलेलं. उतरताना तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ब्रिस्टलच्या खलाशांकडून शिकलेला एक शब्द माझ्या कानात सांगितला, जो मी इथे लिहू शकत नाही, आणि म्हणाली की तो त्यांच्यात सर्वांत जवळच्या मित्राला वापरतात. तिला कुणीतरी चुकीचं शिकवलंय. मी दुरुस्त केलं नाही.

मग ते तिघे गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. खोटं कशाला लिहू, दुखलं. पण धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला आपले शहाण्णव कैदी रांगेत उभे होते, दाढ्या वाढलेले, बोचकी हातात, काही जण जहाज पाहून आत्ताच रडायला लागलेले. वारा नैऋत्येचा, घरी नेणारा. पेंगेलीने विचारलं, "साहेब, माणसं चढवायची?"

मी म्हणालो, "चढव. आधी आजाऱ्यांना."